डबल बेल

माझ्या नवऱ्याने चार वर्षं खपून एक गाडी बांधली. घर बांधतात तशी. लष्कराने मोडीत काढलेली एक जुनी ॲम्ब्युलन्स त्याने लिलावात घेतली, तिचं इंजिन, सांगाडा आणि चाकं तेवढी ठेवली, बाकी सगळं उतरवून मागे आम्हा दोघांपुरती एक खोली उभी केली. इंजिनचा जोर चारही चाकांना मिळायचा. वाळूत रुतली तरी आपली आपण बाहेर येईल, असं तो छाती फुगवून सांगायचा. हॉलंडमध्ये आर्नहेमच्या बाहेर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची शेड आम्ही भाड्याने घेतली होती, तिथे हा उद्योग चालायचा. शनिवार-रविवार नवरा गाडीखाली आणि नुसते पाय बाहेर. त्या पायांशी मी चार वर्षं संसार केला.

सुरुवातीला मी खूप कटकट केली. त्याच्या व्हिसाला जोडलेली बायको म्हणून मी पुण्याहून इथे आले होते. इथल्या नोकऱ्यांनी माझ्या डिग्रीला विचारलं नाही, तेव्हा सायकलच्या पिशव्या आणि सीटची कव्हरं शिवायचा स्वतःचा धंदा काढला. आमच्या बरोबरीची सगळी मंडळी घरं घेत होती, आणि आमचा हा बाबा मात्र आफ्रिकेत जायला डबा बांधत होता. "लोक काय म्हणतील?" असं मी कधी म्हणत नाही, पण तेव्हा म्हटलं.

या खुळाचं कारण कळलं तेव्हा माझं तोंड बंद झालं, आणि माझं तोंड बंद होणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. त्याच्या डोळ्यांचा पडदा कडेकडून विझत चालला होता. घराण्यातून आलेला आजार, औषध नाही. त्याने ते निम्मं वर्ष माझ्यापासून लपवलं होतं. मग एकदा मला मास्ट्रिख्टच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे बरोबर नेलं. तिथे एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं, नजर समोर ठेवायची, आणि कडेला कुठे उजेडाचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी कोपऱ्यात खुर्चीवर बसून त्या बटणाचा टिक-टिक आवाज ऐकत होते. मध्येच आवाज थांबायचा. ठिपके चमकत असणार, पण आवाज नाही. 

या आजाराची गंमत अशी की मोठं असतं ते आधी जातं आणि बारीक असतं ते मागे राहतं. पेपरातली बारीक अक्षरातली जाहिरात तो सहज वाचायचा, पण शेजारच्या टेबलाचा कोपरा मांडीत घुसायचा. रात्रीचं आकाश तर केव्हाच गेलं होतं. ते कधी गेलं हेही त्याला सांगता आलं नाही. "ढग असतील असं वाटायचं," म्हणाला. हॉलंडमध्ये राहणाऱ्या माणसाला हा संशय यायला वेळ लागणारच.

म्हणून ते वाळवंट, ते माळ. कुठेच काही आडवं येत नाही असं काहीतरी त्याला एकदा पोटभर बघून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "अरे, हा अख्खा देश ताटासारखा सपाट आहे की! इथेच बघ." तर म्हणे, "इथे कडेने झाडं लावतात गं. सगळं मापात असतं." बेत असा ठरला: गाडी जहाजाने दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला पाठवायची, आपण विमानाने जायचं, आणि तिथून वर वर येत गाडीनेच आर्नहेमला परतायचं. वर्षभराची सुट्टी त्याने ऑफिसकडून आधीच मिळवली होती.

गाडी मी चालवायची, हे उघडच होतं. त्याचं लायसन अजून शाबूत होतं, पण त्याने स्वतःच किल्ली माझ्या हातात दिली. अडचण दुसरीच होती. तिकडे वाहतूक आपल्यासारखी डाव्या बाजूने, आणि आमच्या गाडीचं स्टिअरिंगही डावीकडे. म्हणजे पुढे ट्रक असला की चालवणाऱ्याला दिसणार फक्त ट्रकची पाठ. पलीकडचा रस्ता दिसणार उजवीकडे बसलेल्याला. पुढे काढायची की नाही, हे त्यानेच सांगायचं.

"ते काम माझं," नवरा म्हणाला. "कडेचं नाही दिसत, पण सरळ रेषेत मला तुझ्यापेक्षा लांबचं दिसतं."

ते खरंच होतं. दूरवरचा सायकलवाला बाई आहे की बाप्या, हे तो माझ्याआधी सांगायचा.

मग पुण्याच्या जुन्या बाजारातून त्याने एस. टी.ची घंटा पैदा केली. खरीखुरी, जुन्या बसमधली, दोरी ओढून वाजवायची. ती त्याने आमच्या केबिनच्या छताला बसवली आणि दोरी आपल्या सीटवर सोडली. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे जा. ज्यांनी लहानपणी एस. टी.ने प्रवास केला त्यांना हे शिकवावं लागत नाही. गाडीचं नाव त्या दिवसापासून यष्टी पडलं.

आम्ही सराव केला डाइकवर, म्हणजे नदीच्या बांधावरच्या अरुंद रस्त्यावर. शेतकऱ्याला आम्ही विनंती केली होती, तो ट्रॅक्टर घेऊन हळूहळू पुढे चालायचा. इथे वाहतूक उजवीकडून, पण सरावापुरते तो आणि मागून आम्ही मुद्दाम डाव्या कडेने जायचो, आणि मी नजर ट्रॅक्टरच्या मागच्या फळीवर ठेवायचे. नवरा मान बाहेर काढून रस्ता बघायचा. टण टण! की मी काढलीच गाडी पुढे. एकदाही चोरून बघितलं नाही. आयुष्यात इतका विश्वास मी देवावरही टाकलेला नाही. ट्रॅक्टर मागे पडला की शेतकरी टोपी हलवायचा, नवरा "तिकीट, तिकीट!" म्हणून ओरडायचा, आणि मी वेड्यासारखी हसायचे. इतकी खूश मी लग्नातही नव्हते.

मग निरोप समारंभ झाला. इथल्या मराठी मंडळींनी रीतसर केला. शाल दिली, श्रीफळ दिलं, माझी ओटी भरली. एका काकांनी भाषणात "वाटेत वाघ भेटला तर आमचा नमस्कार सांगा" असं सांगितलं. "आफ्रिकेत वाघ नसतात," नवरा माझ्या कानात पुटपुटला. सासूबाईंनी कोल्हापुराहून व्हिडिओ कॉलवर चाकाखाली लिंबू ठेवायला लावलं. मी एकच ठेवलं तर म्हणाल्या, "चारही चाकांना जोर आहे ना? मग चार ठेव." शेडच्या फरशीवर चार लिंबं चिरडली. तो पिवळा रस बघून शेतकऱ्याने काही विचारलं नाही. बहुधा आमच्याकडून त्याची तेवढीच अपेक्षा होती.

भाड्याचं घर आम्ही सोडलं. भांडी, कपडे, कुकर, मिसळणाचा डबा, माझी शिलाई मशीन, सगळा संसार गाडीत गेला. रॉटरडॅमच्या बंदरावर किल्ली देऊन आलो. एका अनोळखी माणसाने यष्टी जहाजाच्या पोटात नेली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा म्हणाला, "अगं, महिन्यात भेटेल."

महिना भरायच्या आत जगाची दारं लागली.

ते मार्चचे दिवस सगळ्यांना आठवतात, त्यामुळे ते मी पुन्हा सांगत बसत नाही. आमचं एवढंच की गाडी तिकडे उतरली आणि आम्ही इकडे राहिलो, एकेका बॅगेवर. शेतकऱ्याने शेडमागच्या कॅराव्हॅनमध्ये राहा म्हणून सांगितलं. दहा पावलांवर शेड, आणि शेडमध्ये फरशीवर तेलाचे डाग. जिथे गाडी नव्हती, तिथेच रोज सकाळी दात घासताना आमची नजर जायची.

आणि निरोप! शाल-श्रीफळ घेऊन न गेलेल्या माणसांनी तोंड कुठे लपवायचं, हे आपल्या कुठल्याच रीतीभातीत सांगितलेलं नाही. इंडियन दुकानात गेले तर मास्क डोळ्यांपर्यंत ओढून उभी राहायचे. मास्कचा हा उपयोग मला तेव्हा कळला. तरी एका काकूंनी मला चालीवरून ओळखलंच. "अगंबाई, तुम्ही अजून इथेच?" त्यांनी दीड मीटरवरून विचारलं. मी म्हटलं, "हो, गाडी पुढे गेलीये, आम्ही मागून येतोय." घरी येऊन हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला.

तिकडे बंदरापाशी एका यार्डात यष्टी उभी होती. यार्डवाला भला माणूस. अधूनमधून इंजिन चालू करायचा आणि व्हिडिओ पाठवायचा. मला मम्मा म्हणायचा, मी त्याच्याहून लहान असले तरी. "मम्मा, बॅटरी बसली होती, चार्ज केली." "मम्मा, आरशामागे पाखराने घरटं केलंय, काढू का?" नवरा म्हणाला, राहू दे. तो ते व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघायचा. मोबाइलचा पडदा त्याच्या नजरेत नीट मावायचा, कुठेही न कापला जाता. चार वर्षं ज्याच्यासाठी खपला ते सगळं आता तळहाताएवढं झालं होतं. ते मला बघवायचं नाही, मी भांडी घासायला जायचे. कॅराव्हॅनमध्ये घासण्याइतकी भांडी तरी कुठे होती!

विमानं सुरू झाली, आम्ही तिकिटं काढली, पुन्हा बंद झाली. लशी आल्या, रांगेत राहिलो, टोचून घेतल्या, पुन्हा तिकिटं काढली. दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरात तर बॅगा भरून दाराशी होत्या. सासूबाईंनी कॉलवर "हातावर दही घे" म्हटलं, मी खरंच दही घेतलं. त्या दुपारी बातमी आली की विषाणूचा नवा अवतार निघालाय आणि तो नेमका तिकडेच सापडलाय. संध्याकाळी विमान रद्द. जगात एवढे देश पडलेत! मी त्या दह्याची वाटी सिंकमध्ये आपटली. फुटली, काचा खाली उडाल्या. राग काढायलाही समोर कोणी नव्हतं. सरकारवर काढावा तर तेही घाबरलेलं, विषाणूवर काढावा तर तो दिसत नाही. नवरा मुकाट्याने काचा गोळा करायला वाकला आणि एक मोठा तुकडा त्याच्या पायाशीच राहिला. सगळं उचललं, तो तेवढा राहिला.  तो उठल्यावर मी उचलला.

कारण दारं बंद होती तरी त्याच्या डोळ्यांचा पडदा काही लॉकडाऊन पाळत नव्हता. मास्ट्रिख्टला तपासणीच्या वेळी बरोबरच्या माणसाला आत यायला मनाई होती. मी बाहेर पार्किंगमध्ये थंडीत उभी राहून त्या दाराकडे बघत राहायचे. बाहेर आला की "ठीक आहे" म्हणायचा. डॉक्टर नवऱ्यांना काय सांगतात आणि नवरे बायकांना काय सांगतात, यात अंतर असतंच, पण मला तो टिक-टिक आवाज ऐकायचा होता. आवाज खोटं बोलला नसता.

त्याला एकट्याला सायकल चालवणं धोक्याचं झालं तेव्हा मी जुनी टँडम घेतली, दोघांनी मिळून चालवायची सायकल. पुढे मी, मागे तो. तेव्हा आम्ही कॅराव्हॅन सोडून त्याच गावात दोन खोल्यांत राहायला गेलो होतो. त्याने लगेच मागच्या हँडलला एक घंटी बसवली. "पुढची घंटी ड्रायव्हरची, मागची कंडक्टरची," म्हणाला. रविवारी आम्ही डाइकवर जायचो. पुढे ट्रॅक्टर किंवा रमतगमत चाललेलं म्हातारं जोडपं आलं की तो मागून डावीकडे झुकायचा, बघायचा, टिंग टिंग करायचा, आणि मी पुढे काढायचे. म्हणायचा, "सराव राहिला पाहिजे."

दुसऱ्या हिवाळ्यात एकदा त्याने टिंग टिंग केलं आणि मी पॅडल मारणार तोच समोरून गाडी आली. पांढरी, मोठी, दिवे लावलेली. न दिसण्यासारखी नव्हती. मी ब्रेक दाबला. "चेन सटकली वाटतं," म्हटलं. खाली उतरून चेन हाताळल्यासारखं केलं, हात काळे केले. तो म्हणाला, "तेल घालायला हवं." त्या दिवसापासून मी चोरून बघायला लागले. त्याची घंटी वाजायची, मी आधी बघायचे, मग जायचे. त्याला कळू नये म्हणून मान हलवायची नाही, फक्त डोळे.

मग एकदाचं सगळं खरंच उघडलं. दुकानं, विमानं, आफ्रिका. वसंतात यार्डवाल्याचा निरोप आला, पण वेगळाच. "मम्मा, इथे एक जर्मन जोडपं आलंय. तरुण आहेत. त्यांना तुमची गाडी हवी आहे. ते ती वर युरोपपर्यंत चालवत नेणार. रविवारपर्यंत सांगा." म्हणजे आमच्याच रस्त्याने, आम्ही नकाशावर बोट फिरवून झिजवलेल्या रस्त्याने.

मी म्हटलं, अजिबात नाही, आपण जायचं. आता तर उघडलंय. उद्या तिकिटं काढू. मी आवाज चढवला, कारण तो गप्प होता. "बघू रविवारी," एवढंच म्हणाला. आठवडाभर मी त्याच्यासमोर वाळवंटाच्या, सिंहांच्या, पुढच्या दिवाळीच्या आत घरी पोचायच्या गोष्टी करत राहिले. भाजीवालीसारखी ओरडून ओरडून विकत होते. घेणारा समोर बसून ऐकत होता आणि घेत नव्हता.

रविवारी ऊन पडलं. टँडम काढली, डाइकवर गेलो. नदी भरलेली, मेंढ्यांना पिल्लं झालेली. पुढे आमचा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन चालला होता, मागे जोडलेल्या ट्रॉलीत शेणखत. वेग असा की चालत माणूस पुढे जाईल. मी वेग कमी केला आणि घंटीची वाट बघत राहिले.

घंटी वाजली नाही.

तो झुकला होता, हे मला सायकलच्या तोलावरून कळत होतं. नेहमीपेक्षा जास्त वेळ झुकून राहिला. मग सरळ झाला.

"काय रे?" मी विचारलं.

"तूच बघ," तो म्हणाला. "नाहीतरी किती दिवस तूच बघतेयस."

मला रडू आलं आणि रागही आला. कशाचा ते आजही सांगता येणार नाही. मी डावीकडे मान काढून बघितलं. रस्ता पार पुढच्या गावाच्या चर्चपर्यंत मोकळा होता. माणूस नाही, गाडी नाही, कुत्रं नाही.

"गाडी येतेय समोरून," मी म्हटलं.

"येऊ दे," तो म्हणाला.

आम्ही त्या शेणखताच्या मागे मागे, नाक मुठीत धरून, शेतकऱ्याच्या फाटकापर्यंत गेलो. शेतकऱ्याने मागे वळून पुढे जायची खूण केली. दोनदा केली. मग खांदे उडवून तो आत वळला. आम्ही फाटकापाशी उतरलो. शेडचं दार उघडं होतं.

"यार्डवाल्याला कळव," नवरा म्हणाला. "देऊन टाक म्हणावं."

मी सायकल फाटकाला टेकवली. मग विचारलं, "घंटा? ती काढून पाठवायला सांगू?"

"नको," तो म्हणाला. "राहू दे. त्यांना लागेल. स्टिअरिंग डावीकडे आहे."